सातेरवण्याची पापणी

डोळे उघडे ठेवावेत, ही शिकवण जगाने सर्वांना दिली आहे. दक्ष, जागरूक, सावध, चौकस अशी शब्दांची आरास भाषेने त्या एका गुणाभोवती मांडली. मिटलेल्या डोळ्याच्या वाट्याला तसा गौरव आला नाही. मिटलेला डोळा म्हणजे निद्रा, आळस, फार तर ध्यान. तरीही पूर्वजांनी देवांना अनिमिष म्हटले, ज्यांची पापणी लवत नाही ते. आणि तेवढ्यानेच पापणी लवणे हे माणसाचे लक्षण होऊन बसले. काळाचे सूक्ष्म माप हवे होते तेव्हाही त्यांनी ते पापणीकडूनच मागून घेतले आणि त्याला निमिष हे नाव दिले.

पाहणे हा अधिकार आहे. न पाहणे ही मर्यादा आहे. पापणी कोठे मिटावी आणि कोठे ती मिटणे हा अपराध ठरतो, हे ज्याला उमगले, त्याच्याच दृष्टीला विवेक म्हणावे. हा विवेक पोथ्यांतून येतोच असे नाही. सातेरवण्याच्या गुरुदास धुरींना तो विजेच्या खांबांवर चढता-उतरता आला असावा.

कट्टा गावचा बाजार मागे टाकून रस्ता खाडीकडे उतरू लागला, की पोफळींच्या गर्द सावलीत सातेरवणे लागते. गावात सातेरी देवीचे कौलारू देऊळ, देवळाला टेकून एक तळे, आणि तळ्याच्या काठावर विजेचा ट्रान्सफॉर्मर. गुरुदासांचे आयुष्य या तिघांच्या आसपास गेले. वीज खात्यात ते वायरमन होते आणि निवृत्त झाल्यावरही गावाने त्यांना त्याच नावाने हाक मारली. अंगाने सडपातळ, बोलण्यात मंद, चालताना मान किंचित वर, कारण तारा वर असतात. ट्रान्सफॉर्मरच्या अखंड गुंजारवात बारीकसा फरक पडला, तरी जेवता-जेवता त्यांचा हात थांबे. त्यांच्या पत्नी लक्ष्मी म्हणत, "घोव माझो, पण कान तेचो तळ्यार."

या गावात एक पुरातन रीत आहे. दर तीन-चार वर्षांनी, भात घरात आल्यावर, देवीचा कौल घेऊन सारे गाव गावाबाहेर निघते. तिला गावपळण म्हणतात. बोलण्यात नुसतीच पालण. माणसे, गाई-म्हशी, टोपलीतल्या कोंबड्या, पोत्यात म्याव म्याव करणारी मांजरे, सगळे वेशीपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपी घालून राहतात. खाडीकाठच्या मोहल्ल्यातली घरेही निघतात. तीन दिवस आणि तीन रात्री गावात माणसाचा श्वास नसतो. तेवढा काळ गाव देवीचे, आणि देवीबरोबर जे कोणी अदृश्य संचार करीत असेल त्यांचे. त्या दिवसांत गावात काय घडते हे कोणी पाहिलेले नाही, आणि ते कोणी पाहू नये हाच रीतीचा गाभा आहे.

या प्रस्थानात गुरुदासांची जागा ठरलेली असे. सर्वांच्या शेवटी. शेवटचा माणूस पोफळीआड गेला, की ते लांब काठीने ट्रान्सफॉर्मरचे फ्यूज खाली पाडत. गुंजारव थांबे. मग ते थोडा वेळ तेथेच उभे राहत. गावाला स्वतःचा असा एक आवाज असतो आणि तो विजेच्या गुणगुणीखाली वर्षानुवर्षे दबलेला असतो; तळ्यातल्या पाण्याचा, सुकलेल्या झावळीचा, खूप दूरच्या समुद्राचा. तो एक क्षण ऐकून ते वेशीकडे चालू लागत. मागे वळून पाहत नसत.

गेल्या वर्षी पावसाळ्यात कुडाळच्या डॉक्टरांनी त्यांचे हृदय तपासले आणि पुढच्या गोष्टी फार लांबच्या ठरवू नका असे सांगितले. येणाऱ्या मार्गशीर्षात पालण होती. त्यानंतरची पालण आपल्या वाट्याला नाही, हे गुरुदासांनी तेव्हाच जाणले. त्यांनी एकच गोष्ट मनात धरली. ही पालण अखंड व्हावी, कोणीही मागे न राहता सगळे गाव एकत्र बाहेर जावे, आणि आपण सर्वांच्या शेवटी निघावे.

नेमके त्याच वर्षी गावाला डोळे बसवायचे ठरले.

देवळातली जुनी समई चोरीला गेली होती. भाद्रपदात मुंबईहून आलेल्या मंडळींनी सभामंडपात बैठक घेतली. त्यांच्या मंडळाचे चिटणीस विनीत गावच्याच जुन्या घरातले. आता घराला कुलूप, पण मन इथेच गुंतलेले. त्यांनी देवळाभोवती, तळ्याकाठी आणि दोन्ही रस्त्यांवर मिळून आठ कॅमेरे लावायची सूचना मांडली, आणि ती सर्वांना पटली. पेच पुढे पडला.

"पालणीत गाव तीन दिवस उघडं असतं," विनीत म्हणाले. "खरं म्हणजे तेव्हाच हे चालू हवेत."

देवीपुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालण्याचा मान दत्तारामांचा. ते खांबाला टेकून बसले होते ते ताठ झाले. "मेल्या, मग ती पालण कसली? गाव भायर आणि तुझो डोळो भितर! तू मुंबयत बसान बघणार, म्हणजे तू गावातच ऱ्हवलंस ना?"

"मी कुठे बघत बसणार आहे काका? ते नुसतं रेकॉर्ड होणार."

"आणि रेकॉर्ड कोण बघतलो? माझी म्हस?"

मंडपात हशा पिकला, पण हसून प्रश्न सुटला नाही. कॅमेरे चालू राहिले तर आपण गाऱ्हाणे घालणार नाही, असे दत्तारामांनी सांगितले. कॅमेरे बंद राहणार असतील तर आमच्या बंद घरांत आम्ही राखणदार ठेवू, असे मुंबईकरांनी सांगितले. राखणदार गावात राहिला की पालण मोडली. डोळा गावात राहिला तरी पालण मोडली. दोन्ही वाटा एकाच खड्ड्याशी जात होत्या, आणि त्या खड्ड्याच्या काठाशी गुरुदास मान वर करून, जणू मंडपाच्या वाशांत कोठे तार दिसते का ते पाहत बसले होते. शेवटी विनीतच म्हणाले, "गुरुदासकाका, निदान सामान तरी तुम्ही निवडा. विजेचं तुम्हालाच कळतं." दत्तारामांनीही मान हलवली. दोन्ही पक्षांचा विश्वास ज्याच्यावर असतो, त्याच्यावर ओझेही दोन्हीकडचे असते.

कट्ट्याला बसथांब्यासमोर रफीकचे विजेच्या सामानाचे दुकान आहे. गुरुदास आणि रफीक यांचा स्नेह जुना आणि तो एकमेकांना टोमणे मारण्यातच व्यक्त होत असे.

"ये वायरमना!" रफीकने हाक दिली. "खांब सोडलंस नि आता देवळार चढतंस म्हणे?"

"तुझ्या दुकानाची पायरी चढाक जमली ना, मग देऊळ काय कठीण," गुरुदास धापा आवरत स्टुलावर बसले. "दाखव काय आसा ता."

रफीकने पहिल्यांदा एक बिनतारी कॅमेरा पुढे ठेवला. त्याच्या माथ्यावर सूर्यप्रकाश पिणारा छोटा पत्रा होता. "ह्यो बघ. वर ऊन खाता, आत बॅटरी. लाव नि इसर."

"बंद खंयसून करूचो?"

"बंद?" रफीक हसू लागला. "अरे, लोक कॅमेरो चालू ठेवूक घेतत!"

"तरी पण."

"तो बंद होणा नाय. एकेका खांबार चढान एकेक काढूक लागात."

"मग नको. ज्येका झोप नाय असो पाव्हणो घरात नको."

मग रफीकने स्विच दाखवले. या व्यापारात स्विच म्हणजे भिंतीवरचा खटका नसतो. ती एक चपटी लोखंडी पेटी असते, तिला ओळीने तोंडे असतात आणि प्रत्येक तोंडातून एक केबल एकेका कॅमेऱ्याकडे जाते. पीओई या प्रकारच्या पेटीचे वैशिष्ट्य असे, की त्याच एका केबलीतून कॅमेऱ्याला वीज जाते आणि त्याच केबलीतून त्याने पाहिलेले चित्र परत येते. कॅमेऱ्याजवळ वेगळा प्लग नाही, वेगळी बॅटरी नाही. शरीरात जशी प्राणाची आणि संवेदनेची नाडी एकाच देठाशी येऊन मिळते, तसे आठही डोळ्यांचे मूळ एका जागी. गुरुदासांनी ती पेटी मांडीवर घेतली आणि बराच वेळ तिच्यावरून हात फिरवला.

"म्हणजे ह्येचो एक प्लग काढलो, की आठय डोळे मिटतत?"

"एकदम. कुलूप लावल्यासारके."

"ह्यो बरो आसा."

"थांब, ह्येच्यातलो हुशार पण आसा." रफीकने दुसरी पेटी काढली. "ह्यो मोबाईलार चलता. मुंबयत बसान हंयचो कॅमेरो बंद कर, चालू कर, काय होया ता कर."

गुरुदास विचारात पडले. "मग पालणीत विनीत म्हणात, काकानू, प्लग कित्याक काढतास, मी हंयसून बंद करतंय. आणि तेणां बंद केलो काय नाय, ह्या दत्तारामाक कसा दिसात? प्लग हातात आसलो म्हणजे सगळ्यांका दिसता. नको रे. हुशार माणसा आमच्या गावात आधीच रगड आसत."

म्हणून साधा स्विच ठरला. त्यात दोन होते. दोन्हींनाही आठ तोंडे, पण एकाची एकूण साठ वॅट देण्याची ताकद आणि दुसऱ्याची तिच्या दुप्पट. रफीक मोठा घे म्हणत होता. गुरुदासांनी एक कॅमेरा तेथल्या तेथे मीटरवर लावून पाहिला. दुपारच्या उजेडात तो जेमतेम पाच वॅट घेत होता. आठांचे चाळीस. साठ पुष्कळ झाले.

"रातीक ते आपलो उजेड सोडतत, तेवां दुप्पट खातत," रफीक म्हणाला.

"खाऊंदे की. सगळे एकदम थोडेच खातले? अरे, सगळा आयुष्य मी लायनीर काढलंय. एकाच वेळी सगळ्या गावान दिवे लावले असा कधी होणा नाय. एक जेवता तर दुसरो निजता, तिसऱ्याच्या घराक कुलूप. लायन तेच्यार तर चलता."

"कॅमेरे म्हणजे गाववाले न्हय रे बाबा."

"गावातच ऱ्हवतले ना? शिकतले."

"घे," रफीक म्हणाला, "पण मागसून माका शिव्या घालू नको."

देवळाच्या मागच्या खोलीत ती पेटी भिंतीवर बसली. चोराने वीज तोडली तरी कॅमेरे जागे राहावेत म्हणून तिच्यामागे बॅटरीचा संच ठेवला. केबली पोफळीच्या उंचीने निघाल्या. शंभर मीटरांपलीकडे अशी केबल थकते, म्हणून तळ्याकाठचा कॅमेरा ठरल्या जागेवरून अलीकडच्या उंडीच्या झाडावर आला. दुपारी खोलीतल्या पडद्यावर आठ चौकटी उमटल्या. देवळाचे दार, दीपमाळ, तळ्याचे हिरवे पाणी, रस्त्याच्या कडेला रवंथ करणारी दत्तारामांची म्हैस. माणसे पुन्हा पुन्हा येऊन आपलेच गाव पाहून जात होती. रोजचे ते ठिकाण, पण चौकटीत बसताच ते कोणाच्या तरी स्वप्नातले वाटत होते.

मग दिवेलागण झाली. दत्तारामांनी देवीपुढे वात लावली आणि तेही खोलीत आले. पडद्यावरचे रंग हळूहळू उतरत होते. तळे करडे झाले, पोफळी करड्या झाल्या, आणि ज्या क्षणी कॅमेऱ्यांनी माणसाला न दिसणारी आपली रात्रीची प्रभा सोडली, त्या क्षणी तळ्याची चौकट काळी पडली. पाठोपाठ दीपमाळेची. मग खालच्या रस्त्याची. थोड्या वेळाने तळे पुन्हा दिसले, क्षणभर, आणि पुन्हा मिटले. निजायला आलेल्या मुलाने प्रयत्नाने डोळे उघडावेत आणि ते आपोआप मिटावेत, तसे ते दृश्य होते.

दत्तारामांनी हात जोडले. ते म्हणाले, "मायेक नको आसा. वात लागली आणि तिणां डोळे मिटल्यान."

मुंबईहून विनीत फोनवर तीच चित्रे पाहत होते. त्यांचा आवाज स्पीकरवर आला आणि त्यात बैठकीतला ठामपणा नव्हता. "काका… आजी सांगायची, देवीला दिवेलागणीनंतर कोणी बघितलेलं चालत नाही. तिची इच्छा नसेल तर राहू दे. कॅमेरे काढून टाकू. पालण आपली नेहमीसारखी करू. राखणदाराचंही मी बघतो, समजावतो सगळ्यांना."

गुरुदास भिंतीशी उभे होते. त्यांनी नकळत पेटीवर तळहात ठेवला. ती तापली होती. तिच्या कोपऱ्यातला बारीक लाल दिवा, ताकद संपल्याचा, तेवत होता. तो दिवा त्यांच्या एकट्याच्याच डोळ्यांसमोर होता. त्यांनी हात मागे घेतला आणि ते काहीच बोलले नाहीत.

घरी आल्यावर ते ओसरीवर बसले. लक्ष्मींनी पेज वाढली. ती निवत गेली.

"काय झाला?" लक्ष्मींनी विचारले. "सगळो गाव म्हणता, देवीन तुझी पालण राखल्यान. आणि तू असो कित्याक बसलंस?"

"देवीन नाय गो. तो स्विच बारको पडलो. रफीक सांगी होतो, मी आयकूक नाय. लायनीर सगळी घरां एकदम कधी दिवो लावणत नाय. पण सांज…" ते थांबले. "सांज सगळ्यांर एकदम पडता. आठय कॅमेऱ्यांर. ह्या माझ्या ध्यानातच इला नाय."

डॉक्टरांनी सांगितलेले लक्ष्मींनीही ऐकले होते. त्या हळू म्हणाल्या, "हेच्यात खोटा तू काय बोलाक नाय. तू गप ऱ्हवलंस तरी पुरे. तुझी पालण होता."

"होता."

"मग जेव."

तळ्याकडून ट्रान्सफॉर्मरचा गुंजारव येत होता. त्यात बारीकसाही फरक नव्हता. गुरुदासांना जे हवे होते ते सगळे त्यांच्या दारात आपल्या पायांनी चालत आले होते. फक्त पापणी मिटायची होती. आयुष्यभर त्यांनी ज्या एका क्षणासाठी गाव मागे ठेवून पाठ फिरवली, त्या पाठ फिरवण्याहून हे मिटणे वेगळे आहे, हे त्यांना जितके स्पष्ट दिसत होते, तितकेच दुखत होते. तेथे देवीला एकांत देण्यासाठी पाहायचे नव्हते. येथे देवीच्या नावावर आपली चूक टाकण्यासाठी पाहायचे नव्हते.

"जेव रे," लक्ष्मी पुन्हा म्हणाल्या. मग त्यांच्याच लक्षात आले. "तू जावन सांगतलंस. माका म्हायत आसा. पेज खावन तरी जा फाल्या."

सकाळी दत्ताराम देवळात फुले वाहत होते आणि आठ-दहा माणसे जमली होती. गुरुदासांनी विनीतना फोन लावून तो पायरीवर ठेवला आणि सरळ सांगितले. "काल डोळे देवीन मिटूक नाय. माझ्या चुकीन मिटले. स्विच कमी ताकदीचो घेतलंय मी. मोठो लावलो की रातभर दिसात."

दत्तारामांच्या हातातले फूल तसेच राहिले. "गुरुदासा, काल सांजेपासून सगळ्या गावाक भक्तीचो पूर इललो रे! निदान पालण होयसर तरी कळ काढूची होतस!"

"काढूक बघलंय. जमला नाय."

"मग आता परत तोच तंटो. ह्यो म्हणतलो चालू, मी म्हणतलंय बंद."

फोनमधून विनीतनी गुरुदासांनाच विचारले. "काका, तुम्ही गप्प राहिला असता तर मी कॅमेरे काढणार होतो. तुम्हाला पालण व्हायला हवी आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मग का सांगितलंत?"

"तू हंय नसतंस," गुरुदास म्हणाले. "हंय नसलेल्याक खोटा सांगणा लय सोपा. म्हणान."

यानंतर जे ठरले त्याला बैठकीची गरज उरली नाही. विनीत म्हणाले, कॅमेरे राहतील आणि एरवी जागे राहतील. पालणीत शेवटी निघताना गुरुदासकाकांनी प्लग काढावा आणि परत आल्यावर त्यांनीच लावावा. जो माणूस आपली चूक स्वतः येऊन सांगतो, त्याने गाव राखले नाही असे आम्ही कधी म्हणणार नाही. आमच्या घरांत राखणदार नकोत. दत्तारामांनी ते ऐकून घेतले, नाकावरचा चष्मा पुसला आणि म्हणाले, "ह्या देवीक इचारूक व्हया."

देवदिवाळीला त्यांनी देवीच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावला आणि गाऱ्हाणे घातले. "बा माये सातेरी, तुझ्या लेकरांनी गावाक डोळे लावले आसत. ते तुझ्या एकांतात मिटूचे आसत, आणि मिटणारो हात एक आसा. तुका मानवत आसात तर उजवी दी."

"होय म्हाराजा!" गाव म्हणाले.

उजवी पाकळी पडली. कोणी तिचे कारण शोधले नाही.

मधल्या काळात मोठा स्विच आला होता. तो देताना रफीकने फक्त एवढेच विचारले, "शिकले काय रे तुझे कॅमेरे?" आणि गुरुदास म्हणाले, "मीच शिकलंय." रफीक जुना स्विच परत घेऊन फडताळात टाकता टाकता म्हणाला, "तसो वाईट नाय हो. ह्येका आपला कमी पडला ता सांगाक तरी जमता. लाल दिवो लावता बिचारो."

मार्गशीर्षातल्या त्या दुपारी गाव निघाले. ऊन मऊ होते. गाड्या, गुरे, डोक्यावरची बोचकी, टोपल्यांतून मान काढणाऱ्या कोंबड्या, कडेवरची मुले, सगळे पोफळींच्या सावलीतून हळूहळू वाहत गेले. विनीत मुंबईहून आले होते. ते वेशीजवळ थांबले. लक्ष्मी सर्वांत मागच्या बायकांबरोबर निघाल्या, पण निघण्यापूर्वी गुरुदासांनी त्यांना देवळाच्या खोलीत नेले आणि प्लग कोणता, तो कसा धरायचा, ओढताना भिंतीला हात कसा टेकवायचा, हे दाखवले. "माका कित्याक?" लक्ष्मींनी विचारले. "आसूंदे," ते म्हणाले.

मग गाव रिकामे झाले. गुरुदासांनी काठीने फ्यूज पाडले. गुंजारव थांबला. परंतु या वेळी शांतता पुरती झाली नव्हती. देवळाच्या खोलीत बॅटरीच्या आधारावर आठ डोळे अजून जागे होते. ते खोलीत गेले. पडद्यावर निर्मनुष्य गाव होते, तळे होते, उन्हाचा एक कवडसा हलत होता. त्यांनी पडद्याकडे पाठ केली, भिंतीला हात टेकवला आणि प्लग ओढला.

वेशीवर विनीत यांच्या फोनवरच्या आठ चौकटी एकाच वेळी काळ्या झाल्या. त्यांनी फोन दत्तारामांसमोर धरला. दत्तारामांनी डोळे बारीक करून पाहिले आणि मान डोलावली. विनीतनी फोन पूर्ण बंद केला आणि खिशात ठेवला. रस्त्याच्या टोकाला पोफळींच्या काळोख्या हिरवाईतून एक सडपातळ आकृती संथपणे येताना दिसली. ती मधेच थांबली. ऐकत असावी. मग पुन्हा चालू लागली आणि तिने मागे वळून पाहिले नाही.

ती पालण अखंड झाली. माळावर रात्री आकाश इतके खाली आले होते, की मुले खोपीबाहेर हात उंचावून झोपी जात. गुरुदास झावळ्यांच्या फटीतून वर पाहत पडून राहत. वरचे ते असंख्य अनिमिष डोळे त्यांना त्रास देत नव्हते. गावात काय चालले असेल, असे कोणी विचारले तर ते म्हणत, "माका काय म्हायत?" आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर मोठी तृप्ती असे.

तीन दिवसांनी परतीचा कौल मिळाला. गुरुदास सर्वांआधी आत गेले, फ्यूज चढवले, आणि खोलीत जाऊन प्लग लावला. वेशीवर विनीतनी फोन पुन्हा चालू केला होता. देवळाच्या दारावरचा कॅमेरा जागा झाला तेव्हा त्याला पहिल्यांदा दिसले ते गुरुदास. दारात उभे, मान वर, त्याच्याकडे पाहणारे. कुलूपबंद घरांची कुलुपे होती तशी होती.

फाल्गुनात, आंब्यावर कैऱ्या धरल्या असताना, गुरुदास धुरी ओसरीवर बसल्या बसल्या गेले. दारातल्या त्या चित्राची आठवण विनीत यांना झाली, पण कॅमेऱ्यांची साठवण काही आठवड्यांनी आपोआप पुसली जाते आणि तिच्यावर नवे दिवस लिहिले जातात. ते चित्र उरले नव्हते.

स्विच देवळाच्या मागच्या खोलीत भिंतीवर आहे. पुढच्या पालणीला सर्वांच्या शेवटी लक्ष्मी निघणार आहेत.